बुधवारची पाहुणी

३० जून, सोमवार

लिफ्टजवळ माझा फ्लेक्स लागलाय! पैठणी, हातात लॅपटॉप, खाली — "सोनिया, टीम लीड. तिला पाहा, तिच्यासारख्या व्हा!" लॅपटॉप बंद होता. आणि मी टीम लीड? कधी झाले? ती जागा तर महिनाभरानं भरायचीय. एचआरच्या पद्मजा मॅडमना विचारलं. म्हणे, "अगं, होशीलच की! फोटो किती गोड आलाय." होशीलच म्हणजे काय? काहीतरी शिजतंय.

१ जुलै

आमचे मॅनेजर मधुसूदन सर, त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. मुली कॉम्प्युटरकडं वळाव्यात म्हणून कंपनीनं पाचोडची शाळा दत्तक घेतलीय. माझीच शाळा. दर बुधवारी मी जायचं, पोरींशी बोलायचं. "निवांत जा. मोसंबी बाजाराचं ॲप राजकुमार बघेल."

सर म्हणजे हाफ डे मागितला तर दहा प्रश्न विचारणारा माणूस! आजच एवढा गोड कसा? ते ॲप मी दीड वर्ष खपून केलंय. लीडची जागा त्याच्याच जोरावर मागणार आहे.

२ जुलै, बुधवार

पाचोड. रांगोळी, औक्षण, स्वागतगीत, शाल-नारळ. नववीच्या पोरी ओळीनं उभ्या. हेडमास्तर सर्जेराव सर, ज्यांनी मला गणित शिकवलं, ते भाषणात रडले! मलाही भरून आलं. खोटं कशाला लिहू, लई भारी वाटलं.

एकच पोरगी गात नव्हती. ताट धरून माझ्याकडं टक लावून बघत होती. मोनिका नाव. पहिल्याच दिवशी हिचं काय घोडं मारलं मी?

४ जुलै

मी जवळ गेले की आमच्या टीममधला हा राजकुमार स्क्रीन बदलतो. दोनदा बघितलं. आज स्वतःहून चहा आणून दिला — तीन वर्षांत पहिल्यांदा!

९ जुलै, बुधवार

परत ओवाळणं, परत तेच गाणं. प्रश्न विचारा म्हटलं तर मोनिकाच उठली. "ताई, तुमी काल ऑफिसात काय केलं?"

आठवेना! काल दिवसभर आजच्या भाषणाची चित्रं लावत बसले होते. म्हणाले, "बरंच काही." "मंजी काय?" सर्जेराव सरांनी तिला दटावून खाली बसवलं. ही पोरगी मला पकडायलाच बसलीय. कुणी पढवून ठेवलंय का हिला?

११ जुलै

ॲपमधला लिलावाचा भाग राजकुमारनं सगळा बदललाय. मी लिहिलेला! मला न विचारता! सरळ जाब विचारला. तर म्हणतो, "बुधवारी बंद पडला होता गं. व्यापाऱ्यांचे फोनवर फोन. तू तिकडं हार घेत होतीस."

हार घेत होतीस! दिवसभर डोक्यातून जाईना.

१६ जुलै, बुधवार

ओवाळणं. गाणं. आज आई पहिल्या रांगेत. शेजारणीला सांगत होती, "व्हय, माझी सोनी साहेब झाली!" काय सांगू तिला?

२३ जुलै, बुधवार

कंपनीचे अभिप्रायाचे फॉर्म वाटले. मोनिकानं हात आडवा धरून लिहिलं, चार घड्या घालून माझ्या हातात दिलं. काय खरडलंय कुणास ठाऊक. पर्समध्ये टाकलं. वाचायची हिंमत नाय.

२८ जुलै, सोमवार

राजकुमार टीम लीड झाला.

मधुसूदन सर म्हणाले, "या तिमाहीत तुझं काम दिसतच नाही, सोनिया." मी म्हटलं, "मला तुम्हीच पाठवत होता ना?" "अगं, ते वेगळं. ते तू छानच करतेस. चालू ठेव." म्हणजे गोड बोलून मला बाजूला सारतायत हा माझा संशय खरा होता! बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर लिफ्टजवळ मी पैठणीत हसतेय.

२९ जुलै

मोनिकाचा फॉर्म उघडला.

"ताई, आमचा कॉम्प्युटरचा तास आठवड्यात एकच, बुधवारी. तुम्ही आलात की पोरी गाण्याला आणि पोरं कॉम्प्युटरवर. चार बुधवार असंच झालं. तुम्ही चांगल्या आहात. पण येऊ नका."

सर्जेराव सरांना लगेच फोन केला — उद्या पाहुणी नाही, पोरींना कॉम्प्युटरवर बसवा. सकाळी मला न्यायला कंपनीची गाडी आली की तीही परत पाठवणार.