स्टुलावरून दिसलेला सामना

ता. ३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, नववर्षाच्या सुट्टीच्या दिवशी तुझ्या घरी माझ्यावर जो आसनविषयक अन्याय झाला, त्याची लेखी नोंद व्हावी. सोफ्यावर अण्णा आणि भाऊजी. खुर्च्यांवर तुझी तिन्ही मुलं, मोबाइलमध्ये मान घालून. आणि तीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या तुझ्या धाकट्या भावाला मिळालं स्वयंपाकघरातलं ते तीन पायांचं स्टूल, तेही फ्रिजला खेटून. तिथून फुटबॉलच्या मैदानाचा डावा अर्धाच दिसत होता. उजव्या अर्ध्यात जे घडलं ते मला श्रद्धेनं मानावं लागलं.

घडलं काहीच नाही म्हणा. बावीस धट्टेकट्टे पुरुष नव्वद मिनिटं एका चेंडूमागे धावले आणि एकालाही तो जाळ्यात घालता आला नाही. शून्य-शून्य. माझ्या व्याकरणाच्या तासाला याहून जास्त हालचाल असते. जेवण लांबणार म्हणून भाऊजींनी हा सामना रेकॉर्ड करून ठेवला आणि नंतर लावला, याला मी पराक्रम म्हणत नाही. चाळीस वर्षं मैदानावर पंच म्हणून काढलेल्या आपल्या तीर्थरूप अण्णांनी मध्यंतराला, घरच्या रिवाजाप्रमाणे, खिशातली शिट्टी फुंकली आणि भाऊजी दचकून जागे झाले. त्या दिवसातली खरी चढाई तेवढीच.

आता तुझ्या प्रश्नाकडे. अण्णांनी दोन जिने चढून एकट्यानं राहावं, की तुझ्याकडे यावं? तू म्हणतेस, ते विसरायला लागलेत. मला तसं वाटत नाही. जेवताना त्यांनी तरुणपणच्या एका सामन्यातल्या पेनल्टीचं मिनिटसुद्धा सांगितलं. राहू दे त्यांना त्यांच्या घरी.

लोभ आहेच, पुढच्या खेपेस त्याला पाठ असलेली खुर्ची जोडावी, ही विनंती.

तुझा,
पंडित

ता. ९ जानेवारी

चि. पंडितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तक्रार पोचली. स्टूल मुद्दामच दिलं होतं. सोफ्यावर बसवलं की तू घोरतोस, आणि घोरायला हे पुरेसे आहेत.

आता बातमी ऐक, पण बसून ऐक. आपण पाहिला तो सामना यंदाचा नव्हताच. ते दोन संघ दरवर्षी याच सुट्टीला एकमेकांशी खेळतात, आणि ह्यांनी मशीनमधलं गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावलं. जन्मभर लिफ्टची बटणं दुरुस्त करणारा माणूस! यंदा म्हणे चार-तीन झाले, शेवटचा गोल शेवटच्या मिनिटाला. ह्यांनी कामावर जाऊन सामना फार रटाळ झाला असं ठासून सांगितलं. तेव्हापासून तिथे जो तो ह्यांना विचारतोय, की साहेब, तुम्ही कुठल्या मजल्यावर होतात?

याच खोलीत, याच माणसांनी, तोच सामना दुसऱ्यांदा पाहिला आणि कुणाला पत्ता नाही. माझं सोड, मी भांड्यांत होते. मुलं मोबाइलमध्ये, हे झोपेत. पण अण्णा पूर्ण वेळ जागे होते. शेवटी त्यांनी नेहमीसारखा पंचाबद्दल निकालही दिला, की पोट सुटलंय, चेंडूच्या मागे पडतो. गेल्या वर्षीचाच निकाल, शब्दशः. आठवून मी आधी हसले. मग हसता येईना.

तूही जागा होतास ना रे? तुला काहीच वाटलं नाही?

माया आहे तिथेच आहे. उत्तर मात्र लगेच हवं.

तुझी,
ताई

ता. १३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींना सांग, लिफ्ट त्यांनी दुरुस्त केलेली असेल त्या इमारतीत मी यापुढे जिन्यानं जाईन.

थट्टा एवढीच जमली. मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोललो.

विसाव्या मिनिटाला त्या पंचाच्या शिट्टीची दोरी तुटली आणि त्यानं धावता धावता एका हातानं ती मनगटाला बांधली. तुला आठवत असेल, गेल्या वर्षी अण्णा त्या गाठीबद्दल आठवडाभर बोलत होते. मला दोनदा फोन करून सांगितलं, की पळता येत नसेल त्याला, पण गाठ खऱ्या पंचाची आहे. यंदा ती दोरी नेमकी माझ्या वाट्याच्या अर्ध्या पडद्यात तुटली. सामना जुना आहे हे मी तिथेच ओळखलं. आणि गप्प बसलो. वाटलं, आता अण्णा शिट्टी फुंकतील, भाऊजींची यथासांग फजिती करतील, आणि तुझा प्रश्न तिथल्या तिथे मिटेल.

स्टुलावरून पडदा अर्धाच दिसतो, ताई, पण सोफ्यावरच्या माणसाचा चेहरा पूर्ण दिसतो. अण्णा पुढे झुकले. इतके खूश मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. माझ्याकडे वळून म्हणाले, की एवढी वर्षं मैदानावर काढली, पण असली गाठ आज पहिल्यांदाच पाहिली.

पुढची सत्तर मिनिटं मी सामना पाहिलाच नाही. त्यांच्याकडे बघत बसलो, अजून आठवेल म्हणून.

ते विसरत नाहीत असं तुला ठणकावून लिहिलं, कारण ‘विसरतात’ लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं. त्यांना तुझ्याकडे ने. रविवारी मी सामान बांधायला येतो. शिट्टी त्यांच्या खिशातच राहू दे, आणि फ्रिजजवळची माझी जागा कुणाला देऊ नकोस.

मला त्यांच्या जिन्यांची काळजी नाही. पुढच्या सुट्टीला ते असेच हसून माझ्याकडे वळतील आणि मलाही पहिल्यांदाच पाहतील, याची भीती वाटते.

तुझा,
पंडित