बांधावरचा आपटा

११ सप्टेंबर, गुरुवार
शाळेतून, मधली सुट्टी संपल्यावर

प्रिय महामाया,

परवा फोनवर तू विचारलंस, आवाज का बसलाय, आणि मी पोरांवर ओरडून ओरडून बसला असं ठोकून दिलं. खोटं होतं ते. तुला काही सांगायला फोन लावला होता आणि सांगता आलं नाही. तिसऱ्या वाक्याला माझी हिंमत संपते. म्हणून पोरांच्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसले आहे. माझं अक्षर अजून तसंच आहे, तू ज्याला कोंबडीचे पाय म्हणायचीस, तेव्हा चष्मा लाव. आणि एक कबूल कर. हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय मला फोन करायचा नाही, आणि तुझ्या उत्तमकाकांचं नाव आलं म्हणून कागद बाजूला ठेवायचा नाही. काका अंथरुणाला खिळले आहेत. श्रावणात गोठ्यात घसरून पडले, कमरेचं हाड मोडलं. मेहकरच्या डॉक्टरांनी या वयात ऑपरेशन झेपणार नाही म्हणून घरी पाठवलं. आता बोलतात, पण दोन घास खाऊन दमतात. तू त्यांना भेटायला यावंस असं मला वाटतं. का वाटतं, ते सांगायला मात्र मला जरा वेळ लागेल.

आधी चांगली बातमी देते. दसरा तीन आठवड्यांवर आलाय आणि या वर्षी आपल्या गावात आपट्याची एकही फांदी तुटणार नाही. हसू नकोस. चार वर्षांपूर्वी माझी बदली गावात झाली, तेव्हा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले होते. पारापासून शाळेपर्यंत पायाखाली नुसतं सोनं. नालीत सोनं, उकिरड्यावर सोनं, चिखलात तुडवलेल्या फांद्या. आपल्या भागात आपटा औषधाला उरला नाही, म्हणून कुठल्या तरी जंगलातून टेम्पो भरून येतो आणि एका माणसाला दोन पानं हवीत तर आपण डहाळीच्या डहाळी घरी आणतो. मी वर्गात पोरांना म्हटलं, पानं कशाला वाटता, रोपं वाटू. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. करवंट्या गोळा केल्या, प्रत्येक पोराचं नाव लिहिलं, मेहकरच्या बस स्टँडजवळच्या झाडाच्या शेंगा आणून बिया लावल्या. त्या झाडाला आपण सगळे जन्मापासून आपटा म्हणत आलो. बिया अशा फोफावल्या की मी गटशिक्षणाधिकाऱ्यांना बोलावून फोटोसुद्धा काढून घेतला.

मग एक दिवस उत्तमकाका शाळेच्या कुंपणाशी बैल थांबवून उभे राहिले. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हा आपटा नोहे. हे कांचन हाये. इतकं लांबोळं पान आपट्याले कुठी असते?" झालं. शंभर करवंट्यांमध्ये शंभर कांचन. मुख्याध्यापिका म्हणून माझी जी शोभा झाली ती विचारू नकोस. गोकुळ, माझा थोरला भाऊ, आता सरपंच आहे, त्यानं तर ग्रामसभेत विचारलं, "सुची, यंदा कांचन वाटू का थेट पितळच वाटू?" ती रोपं शेवटी शाळेभोवती लावली. फुलं मात्र सुंदर येतील, असं मीच माझं समाधान करून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेच्या ओट्यावर कापडी पिशवी ठेवलेली सापडली. आत चपट्या, काळपट शेंगा. कुणी ठेवली ते पोरांनी सांगितलं आणि मी संध्याकाळी काकांच्या मागे मागे शेतापर्यंत गेले. महामाया, तुमच्या बांधावरचा आपटा जिवंत आहे. तुझ्या बाबांचा. बुंधा जमिनीपासून वीतभर तोडलेला आहे तसाच आहे, पण त्याच्या कडेनं तीन फुटवे निघाले आणि ते आता माझ्या मांडीएवढे जाड झालेत. भोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण. ताजं, त्याच वर्षी घातलेलं. तुम्ही नागपूरला गेलात, शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलंत, बांधाकडे वळून पाहिलं नाहीत. काकांचं शेत पलीकडच्या बाजूला, म्हणजे झाड त्यांचं नाहीच. तरी दर वर्षी बोराटी तोडून आणायची, कुंपण घालायचं. चाळीस वर्षं. मी विचारलं तर म्हणाले, "मुळ्या जित्त्या होत्या. म्या काय केलं त्यात? बकऱ्या हाकलल्या."

त्या बियांची एकशे साठ रोपं झाली आहेत. या दसऱ्याला घरटी एक रोप, आणि पूजेला पान हवं असेल तर बांधावर येऊन हातानं तोडायचं, एका घराला एक डहाळी, कुऱ्हाड आणायची नाही. ठराव झाला. गोकुळ आधी कुरकुरला, देवापुढे काय करवंटी ठेवायची का म्हणाला, पण त्याच्याच नातीनं स्वतःच्या करवंटीवर त्याचं नाव लिहिलं तेव्हा त्यानंही ठरावाला हात वर केला. शिक्षक दिनाला तालुक्याला माझा सत्कार झाला. पेपरात आलं, मुख्याध्यापिकेची अभिनव कल्पना वगैरे. ते कात्रण मी तुला पाठवलं नाही. मला ते घरातही ठेवावंसं वाटेना.

कारण ती कल्पना माझी नाहीच, तुझ्या बाबांची आहे. तुला आठवतच असेल, पण मला माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहू दे. दसऱ्याच्या सकाळी किसनराव धुतलेलं धोतर नेसून बांधावर उभे राहायचे. तुझी आई, म्हणजे माझ्या तानामावशी, पाण्याचा हंडा भरून ठेवायच्या. अख्खं गाव रांगेनं यायचं आणि तुझे बाबा एकेका घराला एक डहाळी हातानं खुडून द्यायचे, म्हणायचे, "सोनं वाटा, पन झाड ठेवा." तुमच्या घरी दसऱ्याची पूजा नव्हती, तुमच्यासाठी तो धम्मदीक्षेचा दिवस होता. तरी ते उभे राहायचे. एरवी वर्षभर आमच्या घरचं कुणी तुमच्या बांधाला पाय लावत नसे, आणि त्या एका सकाळी माझे आबा, गावचे वामनराव, तुझ्या बाबांसमोर हात पुढे करून उभे असायचे. घरी आल्यावर जेवताना त्यांचं तोंड कडू व्हायचं. मला तेव्हा कळायचं नाही, नंतर कळलं. झाडाला राखण लागते म्हणून तुझे बाबा कधीही विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेले नाहीत. गावातून ट्रक भरून माणसं जायची आणि ते आपट्याखाली उभे.

आपण नववीत होतो त्या वर्षी ते जायचं ठरले. उत्तमकाकांनी म्हटलं, दादा, तू जाय, मी थांबतो. गावात कळू नये म्हणून पहाटे अंधारात निघायचं होतं. पुढचं तुला माहीत आहे. तुम्ही परत आलात तेव्हा बांधावर बुंधा होता आणि भोवती चोळामोळा झालेली पानं. दहा-बारा जण कुऱ्हाडी घेऊन आले होते, काका एकटे होते, त्यांना ढकलून दिलं होतं. ते तुझ्या बाबांनी समजून घेतलं असतं. पण त्यांनी एवढंच विचारलं होतं, "मी घरी नाही हे त्याईले कोनं सांगतलं? तुयाशिवाय कोनाले माईत होतं?" आणि काका काही बोलले नाहीत. एक शब्द नाही. त्या गप्प बसण्यावरून दोन भावांचं बोलणं संपलं ते कायमचं. दहावी झाली आणि तुम्ही गाव सोडलं.

बारा वर्षांपूर्वी तुझे बाबा गेले तेव्हा मी नागपूरला आले होते. काकाही आले होते, एसटीनं, रात्रभर उभ्यानं. तू त्यांना दारातच म्हणालीस, आता कशाला आलात. ते हातातली पांढऱ्या फुलांची पुडी पायरीवर ठेवून परत गेले. मी तुझ्या शेजारी उभी होते. तुझा हात माझ्या हातात होता. त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तर एक म्हातारा माणूस भावाचं शेवटचं तोंड बघून गेला असता. चौदाव्या वर्षीच्या माझ्या चुकीला मी माफ करू शकते. बेचाळिसाव्या वर्षीच्या त्या गप्प राहण्याला करू शकत नाही.

तू मला सांगितलं होतंस, महामाया. शाळेच्या वाटेवर, चिंचा खाताना, विद्येची शपथ घालून सांगितलंस की आम्ही नवमीच्या पहाटे नागपूरला निघणार, बाबासुद्धा. तू इतकी खुशीत होतीस. मला तुझा आनंद पोटात ठेवता आला नाही. रात्री जेवताना मी आबांना म्हटलं, महामायाचे बाबा या वर्षी नागपूर बघणार. एवढंच. मला खरंच वाटलं, आबांनाही बरं वाटेल. आबांनी ताटात हात धुतले आणि गोकुळला हाक मारली. दसऱ्याच्या सकाळी आमच्या अंगणात फांद्यांचा ढीग होता आणि मला ताप भरला होता. सांगणारी मी होते.

गेल्या रविवारी काकांना पेज भरवताना मी हे सगळं त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं ते तोंड फिरवतील. ते म्हणाले, "मले तवाच माईत होतं वं. झाड तोडता तोडता ते लोकं म्हनत होते, सुचीनं सांगतलं, घरी कोनी नाही." मी विचारलं, मग भावाला का नाही सांगितलं, काऊन तोंड शिवून बसलात. तर म्हणाले, "तुह्यं नाव निंगालं असतं तं दादानं महामायाले तुयाशी बोलू देलं नसतं. वामनरावानं तुले घरी बसवलं असतं. गावातून दोघीच पोरी साखरखेर्ड्याच्या शाळेत जात होत्या. एकटीले कोनं धाडलं असतं, सांग?" तू दवाखान्यात मेट्रन झालीस, मी मुख्याध्यापिका झाले. त्यासाठी या माणसानं आपला भाऊ गमावला, आणि आपण दोघींनी मिळून त्यांना दारातून परत पाठवलं. मी म्हटलं, काका, मी महामायाला लिहिते. त्यांनी माझं मनगट धरलं, म्हणाले, "नोको लिहू. तुमची दोस्ती तुटन." माये, तुटली तर तुटू दे. चाळीस वर्षं ती त्यांच्या जिवावर टिकली आहे. तू माझ्याशी बोलू नकोस, माझ्या घरी उतरू नकोस, पण लेकाला, हर्षलला, गाडी काढायला सांग आणि पुढच्या रविवारच्या आत ये. त्यांना काका म्हणून एकदा हाक मार. मी त्या दिवशी शाळेतच थांबेन.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
सुचिता