क्लचमधली हवा

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. दादा,
सा. न.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हातानं लिहून फोटो पाठवतेय. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

मी मजेत आहे. झाडं लाल झालीत, लॅबमध्ये काम भरपूर. आईचा गुडघा कसा आहे? राधिका वहिनीनं भाजणी दळून आणली असेलच.

आता मुख्य बातमी. गाडीचा क्लच दुरुस्त झाला. मी केला.

बुधवारी तू म्हणालास, "भंगारात घाल ती गाडी आणि तिकीट पाठवलंय त्यावर मुकाट ये. एकट्या बाईचं काम नाही ते." खरंच, दादा, ते एकटीचं काम नाही. दोघं लागतात. अण्णांच्या कराडच्या गॅरेजमध्ये तू गाडीखाली असायचास आणि मी सीटवर. तू ओरडायचास, "दाब! धर! सोड!" दहावीपर्यंत मी फक्त पेडल दाबलं. पाना मागितला की अण्णा म्हणायचे, "हात काळे झाले तर लग्न कोण करेल?" केलं एकानं.

या वेळी गाडीखाली मी होते. सीटवर शेजारच्या शैलजा काकू. वय एकोणसत्तर, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्यात. अंगावर सहावारी, पायात सुनेचे स्नीकर्स. ड्रायव्हरच्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदा बसल्या होत्या.

"दाबू का गं?"

"दाबा काकू. आणि धरून ठेवा."

"अगं, हे खालीच बसलं! वर येईना."

"थांबा, स्क्रू बंद करते. आता पायानं वर ओढा."

हवा काढायच्या त्या स्क्रूला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक लोणच्याच्या बरणीत. पेडल दाबलं की काळपट तेल यायचं आणि त्यात बुडबुडे. पाइपात शिरलेली हवा ती. ती आत असेपर्यंत पेडल कितीही दाबा, गिअर पडत नाही.

तासाभरानं बरणी भरली आणि वरची तेलाची डबी रिकामी होत आली. मग मी आपल्या घराण्याला शोभेलसं केलं. बरणीतलं तेल काकूंच्या चहाच्या गाळणीतून गाळून परत डबीत ओतलं. अण्णा नव्हते का तसंच करत? काकूही म्हणाल्या, "टाकतेस कशाला, चांगलं तर दिसतंय." झालं! पुन्हा बुडबुडे, पुन्हा पेडल लोण्यासारखं मऊ, आणि गाळणी कायमची गाडीची.

पायरीवर बसून चहा पिताना माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. जे बाहेर काढायला मी आडवी पडले होते, तेच मी परत आत घालत होते. बरणीला झाकण लावलं, नवी सीलबंद बाटली आणली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आणि दादा, तेव्हा मला तुझं तिकीट आठवलं.

रवींद्र प्रोजेक्टसाठी न्यू जर्सीत, पार्सिपनीला आहे, असं मी सहा महिने आईला सांगत आलेय. खरं काय ते तुला माहीत आहे. एप्रिलमध्ये त्यानं माझ्या थोबाडीत मारली. मी रडत तुला फोन केला. तू म्हणालास, "भांड्याला भांडं लागतंच, जुळवून घे." दुसऱ्या दिवशी मी त्याला घराबाहेर काढलं. चांगली ऑटोमॅटिक गाडी तो घेऊन गेला, ही जुनी गिअरवाली माझ्या गळ्यात मारून. क्लच गेल्याचं कळल्यावर तो तुला म्हणाला, "चार दिवस पायी हिंडू दे, येईल वठणीवर." आणि तू लगेच माझं तिकीट काढलंस. भाऊबीजेला म्हणे तोही कराडला येणार, चार वडीलधारे बसणार आणि मला समजूत घालून परत त्याच्यासोबत पाठवणार. वहिनीनं सगळं सांगितलं मला. तिच्यावर डाफरलास तर थोबाडीतली गोष्ट मी आईला स्वतः सांगेन.

मला राग आलाय. त्याचा आहेच, पण तुझा जास्त आलाय. त्याच्याकडून मी आशा सोडली होती, तुझ्याकडून नव्हती.

तिकीट कॅन्सल केलंय.

काल दुपारी चारला पेडल घट्ट झालं. काकूंना शेजारी बसवून गाडी काढली. पहिला, दुसरा, तिसरा, एकही गिअर अडला नाही. काकू एका हातानं पदर आणि दुसऱ्यानं दार धरून ओरडल्या, "आता हायवेला घे!" घेतली.

भाऊबीजेला व्हिडिओवर ओवाळीन. ओवाळणीत साडी नको. अण्णांचा दहा-अकराचा पाना तुझ्या कपाटात आहे, तो पाठव. पाठवलास तर समजेन, भाऊ माझ्या बाजूनं उभा आहे. नाही पाठवलास तरी ओवाळीन. नवा पाना मी विकत आणलाय.

आईला नमस्कार, वहिनीला खूप प्रेम. कागदावरचे डाग मुद्दाम पुसलेले नाहीत.

काळ्या हातांची, तरीही तुझीच,
आसावरी