ट्रेलरमधली सोय

३ मार्च, सोमवार
गाडीमागे जोडून न्यायचा ट्रेलर आला. दारात उभा आहे. एका म्हाताऱ्या जोडप्याने जपून वापरलेला. आत दोन माणसांचा पलंग, छोटा ओटा, एक खिडकी, आणि मधे तिरकं होऊन जाता येईल एवढी वाट. आटोपशीर. हिला दाखवला. हिने कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, संडास कुठाय. म्हटलं, तळ्याकाठी सार्वजनिक आहे. ही चहा ठेवायला गेली.

हिचं चुकत नाही. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. बाहेर पडायचं म्हटलं की ही सकाळपासून पाण्याला शिवत नाही. वाटेतल्या संडासांची धास्ती. मागच्या खेपेला बसमधून उतरताना चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी झापलं ते मला. तेव्हापासून हिने घराबाहेर एक रात्र काढलेली नाही. मे महिन्यात तळ्याकाठी आठवडाभराची जागा बुक केली आहे. हिची अट : संडास ट्रेलरमध्ये हवा आणि त्याला आतून कडी हवी. नाहीतर तुम्ही एकटे जा.

दोन दिवसांत सोडवतो. जन्मभर सोफे-खुर्च्या शिवल्या. बसायच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

५ मार्च
बादली. वर सीट, आत पिशवी, पिशवीत भुसा, त्यावर झाकण. बिघडायला काही नाहीच. हिने शांतपणे ऐकून घेतलं. रिकामी कोण करणार, विचारलं. आपण, म्हटलं. आपण म्हणजे कोण, विचारलं.
बादलीचा विचार मी तत्त्व म्हणून सोडला.

११ मार्च
कोरडा संडास. पातळ एकीकडे, घट्ट दुसरीकडे, त्यामुळे वास नाही. शास्त्र आहे. जेवताना समजावून सांगत होतो. मेहुणी आली होती. हिची धाकटी बहीण, मागच्याच गल्लीत राहते, तोंडाला कुलूप नाही. भाजीचा डाव हातात घेऊन म्हणाली, भाऊजी, पातळ वाढू की घट्ट. दोघी बहिणी ठसका लागेस्तोवर हसल्या. विषय तिथेच राहिला.
यापुढे जेवताना शास्त्र बोलायचं नाही. (निश्चय.)

१५ मार्च, शनिवार
दुकानात गेलो. दोन टाक्यांचा फिरता संडास पाहिला. वरच्या टाकीत फ्लशचं पाणी, खालच्या टाकीत उरलेलं सगळं आणि निळं औषध. खालची टाकी सुटी होते. तिला चाकं आहेत, बॅगेसारखी ओढत न्यायची. विक्रेता म्हणाला, काका, बसून तर बघा. बसलो. फारच बुटका. गुडघे हनुवटीला लागले. उठवायला विक्रेता आणि एक गिऱ्हाईक लागलं. माझे गुडघे ठणठणीत आहेत, मालाची उंची कमी आहे.
घेतला. खाली चौथरा करू.

२३ मार्च
मापं. घरातलं कपड्यांचं कपाट ट्रेलरच्या कोपऱ्याएवढंच आहे. कपडे बाहेर, स्टूल आत, स्टुलावर मी, दार बंद. ऐसपैस वाटलं. तेवढ्यात मेहुणी हिची शाल न्यायला आली आणि तिने कपाट उघडलं. किंचाळली. मग हिला हाक मारून विचारलं, ताई, भाऊजींना किती वेळ कोंडायचं ठरलंय.
मापं मात्र अचूक मिळाली.

६ एप्रिल, रविवार
केबिन उभी राहिली. चौथरा, प्लायवुड, पितळेची कडी. आतल्या भिंतींना फोम लावून मरून रेक्झिन ताणलं. असं काम आता कुणी करत नाही. उद्घाटनाला ही कपड्यांनिशी आत जाऊन बसली, कडी लावली. बराच वेळ शांतता. मला वाटलं, भारावली. मग आतून आवाज आला, अहो, उठता येत नाहीये.

बसायचं माप बरोबर होतं. उठायचं घ्यायचं राहिलं. माणूस उठताना आधी पुढे वाकतो, आणि पुढे दार होतं. कडीकडे हात न्यावा तर कोपर भिंतीत. शेवटी बाहेरून बिजागऱ्या काढल्या. ही बाहेर आली, केस सारखे केले, थेट घरात गेली. लक्षण वाईट.
तरी कपाळाला लागलं नाही, हे फोमचं श्रेय.

७ एप्रिल
दाराऐवजी पडदा सुचवला. हिने नुसतं पाहिलं. पडदा रद्द.

१३ एप्रिल
केबिन पुढे वाढवली. ओटा थोडा कापला. आता ओट्यावर एकच पातेलं मावतं. दोघांना एकच पुरतं.

२० एप्रिल
कोपरांसाठी केबिन बाजूलाही वाढवली. पलंग किंचित अरुंद झाला. कुशीवर झोपू. कुशीवर झोपणं पाठीला चांगलं, कुठेतरी वाचलंय.

२७ एप्रिल
हिला उठताना धरायला दांडा हवा. रास्त मागणी. दांडा बसवायचा म्हणजे केबिन आणखी थोडी. त्या भरात खिडकीही आत आली, मग खिडकीखाली एक फळी. हवा छान खेळते. पलंग पुन्हा किंचित.

दुसरं उद्घाटन. ही बसली, उठली, कडी लावली, काढली, पुन्हा बसली. बाहेर येऊन म्हणाली, घरच्यापेक्षा बरा आहे.
जिंकलो! मेहुणी डोकावून म्हणाली, भाऊजी, संडास झकास, पण ट्रेलर कुठे ठेवलात. मत्सर, दुसरं काय.

३ मे, शनिवार. तळं.
वाटेत ही पाणी प्याली. मी काही म्हटलं नव्हतं. आपणहून बाटली काढली, घटाघटा प्याली, थोड्या वेळाने पुन्हा मागितली. मी रस्त्याकडेच बघत राहिलो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं. काच उघडी होती.

४ मे
पलंगावर दोघांना आडवं होता येतं, पण पाळीपाळीने. मी गाडीत झोपलो. मान थोडी आखडली आहे. मोकळ्या हवेने होतं असं.

६ मे
सार्वजनिक संडास तुंबला. शेजारच्या तंबूतल्या बाई हिला विचारायला आल्या, हिने मोठ्या मनाने हो म्हटलं. मग त्यांच्या नणंदा आल्या. मग पलीकडच्या तंबूतल्या सगळ्याजणी. ही दारात खुर्ची टाकून बसली आहे. आलेल्याला पाणी पाजते, केबिन दाखवते, रेक्झिनचं काम ह्यांचं म्हणून सांगते. बायकांना संकोच नको म्हणून मला लांब बसायला सांगितलं आहे. टाकी मी फाटकाजवळच्या मैल्याच्या खड्ड्यात ओततो. तिथला रखवालदार मला टाकीवाले काका म्हणतो. ओळख वाढते आहे.

१० मे, शनिवार
सामान आवरलं. हिच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली आहे, इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. म्हणाली, ऑगस्टमध्ये पुन्हा यायचं, चांगले पंधरा दिवस. म्हटलं, आत्ताच बुक करतो. म्हणाली, केलंय. ही आणि शेजारच्या तंबूतल्या बाई. बाई तंबूत झोपतील, ही ट्रेलरमध्ये. बायकाबायकाच. मी घरी निवांत राहावं, मानेलाही बरं.

फक्त ट्रेलर मी आणून सोडायचा, शेवटी घेऊन जायचा, आणि मधे एक दिवसाआड टाकी ओतायला येऊन जायचं. दोन तासांचा तर रस्ता.
शेवटी माझ्यावाचून अडतंच हिचं.