दार नसलेल्या घरातला खांब

शनिशिंगणापूर
मंगळवार, २६ ऑगस्ट

आईच्या तोंडावर फोन आपटायला तुला नाशिकच्या कंपनीत शिकवलं का? "खांब काढ, न्हाईतर रविवारी कटर घेऊन येतो," एवढं म्हणालास आणि ठेवलास. म्हणून कागदावर लिहिते. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

चि. गोरक्ष यास आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. गाय व्याली, कालवड झाली. सूनबाईला सांग, तिने पाठवलेली चादर आखूड आहे.

आता त्या व्हिडिओचं. कुणीतरी रस्त्यावरून काढला, त्यात अर्धंच आहे, आणि तू तापलास. पुरं काय झालं ते ऐक.

शनिवारी अमावस्या. रस्ता देवाला जाणाऱ्या माणसांनी भरलेला, ज्याच्या त्याच्या हातात तेलाची बाटली. तुझ्या लेकीच्या नगरच्या पोल डान्सच्या क्लासातल्या बाया आपल्याकडे आल्या होत्या. शिकवणारी अरफा, डोक्याला रुमाल, अंगभर कपडे, आणि खांबावर खारीसारखी चढते. तिच्या विजारीचं कापडच असं की खांबाला धरून राहतं. अश्विनी बँकेत आहे, माझ्यासारख्या दोघी होतील एवढी. ती उलटी झाली तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. खांब हलला नाही, तीही हलली नाही. तिसरी दिशा. जन्मली मुलगा म्हणून, आता बाई आहे. मी तोंडावर विचारलं, तिने तोंडावर सांगितलं, विषय संपला. चहात साखर फार घेते, तेवढं मात्र मला पटत नाही.

तर तुझी सुकन्या पडवीत तिच्यासाठी रोवलेल्या खांबावर, पाय वर, डोकं खाली. आपल्या घराला दार नाही हे तुला सांगायला नको. लातूरकडची एक बाई रस्त्यात थांबली. तिने पाहिलं, लोखंडाचा खांब, त्याला उलटी पोरगी, हात सोडलेले. तिला वाटलं काहीतरी कडक नवस आहे. सरळ आत आली, हात जोडले आणि अख्खी बाटली खांबावर रिकामी केली. सुकन्या घसरली ती सावकाश, विहिरीत बादली सोडावी तशी, खालच्या गादीवर.

त्या बाईमागे रांग लागली. एक जण म्हणतो, "आजी, नारळ कुठं फोडायचा?"

"तुझ्या डोक्यात फोड," मी म्हटलं.

दिशा त्या बाईला समजावते, "मावशी, देवी न्हाई वो, उलटी पोरगी हाय."

बाई म्हणाली, "देवी काय सुलटीच असती व्हय?" आणि दिशाच्याच पाया पडली.

सुकन्या तेलात पडून हसत होती. पोट धरून, हुंदके दिल्यासारखी, अरफाला चिकटून. माघानंतर या घरात तो आवाज मी ऐकला नव्हता. व्हिडिओत ते नाही, त्याआधीच संपतो. त्यात काठी घेऊन माणसांमागे धावणारी म्हातारी कोण, असं तू सूनबाईला विचारलंस म्हणे. ती तुझी आई.

बारमधला नाच, म्हणालास. शाळेत तू लंगोट लावून मल्लखांबावर उलटा लटकलास, तेव्हा सरपंचांनी तुला हार घातला होता. तू लाकडाच्या खांबावर, ती लोखंडाच्या. मला दुसरा फरक दिसेना.

आणि पित्त, पित्त म्हणून लोकांना सांगतोस ते बंद कर. पित्तासाठी कुणी पोट धुऊन काढत नाही. पोरीने माघात गोळ्या खाल्ल्या होत्या. पुण्याच्या खोलीत आतून कडी लावून. त्या दिवसापासून तू तिच्याशी एक शब्द बोललेला नाहीस. म्हणून मी तिला इथं आणली. इथं कडी लावायची तर आधी दार लागतं.

डॉक्टरीणबाईंचं औषध चालू आहे, मी समोर बसून देते. खांब हे काही औषध नाही, हे अरफानेच मला बजावलं. तिलाही मधे असंच अंधारून आलं होतं. क्लासात आधी सगळ्या गोल बसतात, आठवडा कसा गेला ते सांगतात, रडायचं ते रडतात, मग चढतात. "एवढं काय त्यात" असं कुणी कुणाला म्हणत नाही. आपल्या घरात ते वाक्य लई चालतं.

तुझा फोन मोठ्या आवाजावर होता. तिने ऐकलं. काल दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली. आज सकाळी मात्र राख आणि चिंधी घेऊन खांबाचं तेल घासायला बसली. मला म्हणाली, "आजे, पप्पा खरंच कापतील का?"

मी म्हटलं, "त्याला घरातला पंखा दुरुस्त करता येत न्हाई, तो काय कापतोय." हसली. पण घासायची थांबली, ते मला दिसलं.

रविवारी ये. कटर घरी ठेवून ये. त्या बायाही येणार आहेत, शेंगोळ्यांचा बेत आहे. मल्लखांबावरचं काही आठवत असेल तर पोरीला करून दाखव. गादी आहे, पडलास तरी मोडणार नाहीस.

या पत्राचं उत्तर मला नको. सुकन्याला लिही, आणि रविवारच्या आत. पहिल्या ओळीत तिचं नाव पाहिजे. तूच लिहायचं. सूनबाईच्या अक्षरात आलं तर मी परत पाठवीन.

सुकन्याची आजी,
आणि नाइलाजाने तुझी आई,
चांगुणा