दाराला टेकवलेला खराटा

ताई,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आडवा पडूनच लिहितोय, तेव्हा यावेळचा नमस्कार शब्दशः साष्टांग समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला हेलसिंकीच्या दमट हवेत वाढला असणारच. रात्री गरम दुधात मध घालून द्यावा, अर्थात ते माझं ऐकायचे नाहीत आणि तुझं तर मुळीच नाही. असो. आधी बातमी सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. यालमारी काका जिवंत आहेत आणि चांगले ठणठणीत आहेत. आता कॉफी ओतून घे आणि बाकीचं सावकाश वाच.

आठवडा झाला काका फोन उचलत नाहीत, गेले असतील रे आपले काका, असं म्हणून तू फोनवर रडलीस, म्हणून मी शनिवारी सकाळची बस धरून काकांच्या गावी, हैरालाला गेलो. कामं दोन दिली होतीस. काका आहेत का ते बघायचं, आणि असले तर तू हेलसिंकीच्या वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी बघून ठेवलेल्या खोलीबद्दल ठणकावून सांगायचं. प्रवास उत्तम झाला, म्हणजे अख्ख्या बसमध्ये कोणी कोणाशी अवाक्षर बोललं नाही. गावात मात्र हिवाळा संपता संपता होते तीच गत, दुपारी चिखल आणि सकाळी आरसा. नगरपालिकेने खडी टाकली आहे, पण ती नगरपालिकेच्या दारापर्यंतच. चर्चसमोर मी सपशेल आडवा झालो. लोक इतके सभ्य, की मी उठून टोपी झटकेपर्यंत सगळे दुसरीकडे बघत उभे राहिले.

काकांच्या घरी पोहोचलो तर दाराला खराटा टेकवलेला. झालं! खराटा म्हणजे घरात कोणी नाही, हे आजीने आपल्याला चालायच्या आधी शिकवलंय, तेव्हा दार वाजवायचा प्रश्नच नव्हता. धुराड्यातून धूर नाही. मला तर बरंच वाटलं, म्हटलं म्हातारा हिंडतोय म्हणजे हातपाय चालताहेत. मग निघालो शोधायला. तळ्यावर बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसलेल्यांना विचारलं, त्यांनी (बराच विचार करून) मान हलवली. वाचनालयात नाहीत, दुकानात नाहीत. बेकरीत शिरलो, म्हटलं सापडतील तेव्हा हातावर ठेवायला त्यांच्या आवडीचा बदामाचा बन घेऊ. तर बेकरीवाली म्हणाली, या गावात बनमध्ये साय आणि मुरंबाच घालतात, बदाम घालायची थेरं तुमच्या शहरातली. तिच्याशी कोण वाद घालणार!

शेवटी शेजारच्या केर्त्तूबाईंचं दार वाजवलं. (त्याच त्या, पोस्टमास्तरांच्या विधवा, अंगाने उंच आणि बोलायला आखूड.) बाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. काका कुठे गेले, विचारलं.

"खराटा दाराशी आहे," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस."

"आणि तुम्ही आत डोकावला नाहीत?"

"खराटा होता ना," बाई म्हणाल्या, आणि त्यांचंही बरोबरच होतं.

पण ताई, त्याच क्षणी माझ्या मनात नको ते आलं. खराटा वाऱ्याने सरकून दाराला टेकला असेल तर? काका आत पडले असतील आणि अख्खा गाव खराट्याला मान देऊन दारावरून जात असेल तर? धावत परत आलो. अंगणातल्या बर्फावर माझ्याखेरीज कोणाचं पाऊल उमटलेलं नाही. खिडकीतून बघितलं तर विझल्या चुलीवर किटली. तुला फोनवर काय आणि कसं सांगायचं याची मी जुळवाजुळव करू लागलो आणि मला रडूच फुटलं. ज्या माणसाने मला पोहायला शिकवलं, त्याच्या दारात मी एका खराट्याला भिऊन उभा होतो. केर्त्तूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मी तुमच्या जागी असते तर नसता हात लावला, एवढंच म्हणाल्या. मी टोपी काढली, देवाचं नाव घेतलं आणि खराटा उचलला.

दार जोरात ओढलं, आणि छपरावर जमलेला हिवाळाभराचा बर्फ धाडकन माझ्या डोक्यावर आला. मानेपर्यंत गाडला गेलो. तो आवाज ऐकून घरामागून एक लालबुंद, वाफाळणारी आकृती आली, कमरेला टॉवेल आणि पायात लोकरी बूट.

"आउलिस," काका म्हणाले, "खराटा दिसत नाही का तुला?"

ताई, मी रडत होतो की हसत होतो, मला अजून सांगता येत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! काका तळ्याकाठच्या सॉनाच्या ओवरीत मुक्काम ठोकून बसले होते. तिथे चूल आहे, बाक आहे, मागच्या मागे तळ्यावर जाता येतं. केर्त्तूबाईंनी त्यांना टॉवेलसकट नमस्कार केला आणि त्या घरी गेल्या. काकांनी मला खणून काढलं, कंबर शेकायला सॉनात बसवलं आणि तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतून वाफ काढली. नंतर ते आपणहून म्हणाले, तुझी हेल्वीताई रोज फोनवर त्या खोलीचं कौतुक सांगायची, खिडकीतून मोटारी दिसतात म्हणे. "मला घरातून काढायचं म्हणजे आधी मी घरात सापडायला हवा, नाही का?" एवढं बोलून त्यांनी बदामाचा बन मोडून अर्धा माझ्या हातात दिला. मीही मग तू सांगितलेलं सगळं त्यांना ठणकावून सांगितलं. संध्याकाळच्या बसने परत आलो.

भावोजींना नमस्कार. मुलांना पापा.

तुझा धाकटा,
आउलिस

ता. क. ठणकावून वगैरे काही सांगितलं नाही. दगडांवर आणखी एक पळी पाणी ओतलं, तेवढंच. ताई, ती खोली सोडून दे. माझ्यासाठी सोड.

ता. क. २. बसमध्ये अर्ध्या वाटेवर माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या गावात बदामाचा बन मिळत नाही. आणि केर्त्तूबाईंचे हात पिठाचे होते. ओवरीत कपही दोन होते. बाई एक शब्द खोटं बोलल्या नाहीत, खराटा दाराशी होताच!

ता. क. ३. काकांनी तुला ईस्टरला बोलावलंय. म्हणाले, हेल्वी येणार असेल तर खराटा काढून ठेवतो. मात्र येण्याआधी कळव. त्यांना नाही, केर्त्तूबाईंना.