दुपारचा धप्प आवाज

३ मार्च
आजपासून आपला किटल्यांचा घरगुती कारखाना प्लास्टिकमुक्त. बबल रॅपचा शेवटचा रोल माळ्यावर फेकला. बाबांची पद्धतही बंद. किराणावाल्याकडचे जुने खोके, वाळलेलं गवत, रद्दीचे बोळे! चिनी मातीची किटली काय कोंबडीने घातलेली असते, गवतात ठेवायला? मक्याच्या स्टार्चचे फुगीर तुकडे मागवलेत. मातीत जिरतात, पृथ्वी वाचते. बायको म्हणाली, पृथ्वी वाचेल, किटली वाचेल का? हिला दूरदृष्टी नाही.
हिचं असंही म्हणणं की बाबा गेल्यापासून मी पॅकिंगच्या खोलीत जायचं टाळतो. संकल्प: उद्यापासून तिथेच बसणे.

५ मार्च
नवीन माल आला. समुद्रापलीकडून, प्लास्टिकच्या तिहेरी आवरणात. ते प्लास्टिक त्यांचं, आपल्या हिशेबात धरायचं नाही.
पॅकिंगच्या खोलीत बसलो नाही. खुंटीवर बाबांचा एप्रन आहे. उगाच लक्ष जातं.

६ मार्च, दुपार
जेवणानंतर डोळे मिटून विचार करत पडलो होतो. खालून, पॅकिंगच्या खोलीतून, आवाज आला. धप्प.
बाबा रोज दुपारी हेच करायचे. बॉक्स बंद झाला की कमरेइतका उचलायचा, सोडून द्यायचा आणि कान लावायचा. आपण टाकून फुटली नाही तर कोणी टाकून फुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या आवाजाशिवाय आमच्या घरात कधी दुपार झालीच नाही. आता त्यांना जाऊन तीन महिने होतील.
खाली गेलो नाही. उन्हाने लाकडी फळ्या प्रसरण पावतात. शास्त्रीय कारण आहे.

९ मार्च
पुन्हा धप्प. पाठोपाठ बारीक किणकिण.
फळ्या किणकिणत नाहीत, हे मान्य. घरात त्या वेळी कोण असतं? बायको बँकेत. आई वरच्या खोलीत, आणि तिचे गुडघे तिला जिना उतरू देत नाहीत. म्हणजे कोणीच नाही.
अंगावर काटा आला. पंखा जोरात होता.

१४ मार्च
गिऱ्हाइकांच्या तक्रारी. किटल्या फुटून पोचतायत. कुरियरवाल्याची फोनवर चांगली खरडपट्टी काढली. तो म्हणतो, साहेब, मी उचलतो तेव्हाच आत खुळखुळा वाजत असतो. चोराच्या उलट्या बोंबा!
संकल्प: कुरियर बदलणे.

१९ मार्च
मक्याचे तुकडे उंदरांना पसंत पडले. उरलेल्यांतले बरेच दमट हवेने चिकटून लगदा झाले. मातीत जिरायच्या आधी उंदरांत जिरतायत, पण जिरतायत हे महत्त्वाचं.
परदेशातून ताईचा फोन. बाबा गेले तेव्हा तिला येता आलं नव्हतं. बाबांनी चाकावर घडवलेली शेवटची किटली तेवढी पाठव म्हणाली, दुसरं काही नको. बाबांसारखी पॅक कर, असंही म्हणाली. मी म्हटलं, ताई, जग पुढे गेलंय, डोळे झाकून विश्वास ठेव. तिने फोन ठेवला. बहुतेक रेंज गेली.

२१ मार्च
हे कुणाला सांगायचं नाही. हल्ली मी तयार बॉक्स मुद्दाम टेबलाच्या डाव्या अंगाला ठेवतो. बाबा तिथे उभे राहायचे. भीती अजिबात वाटत नाही. उलट, धप्प झालं की मला गाढ विचार लागतो.
आज जाता जाता विचारलं, बाबा, नवीन पॅकिंग कसं वाटतंय? उत्तर नाही. काही पटलं नाही की आधीही ते गप्पच बसायचे.

२४ मार्च
ताईची किटली पॅक केली. उंदरांनी शिल्लक ठेवलेले सगळे तुकडे वापरले. पर्यावरणाचा हिरवा स्टिकर लावला. बॉक्स डाव्या अंगाला ठेवला, बाबांनी पास करावा म्हणून. वर येऊन पडलो.
आणि ती किणकिण आठवली. तसाच अनवाणी खाली पळालो.
दारातच थबकलो. एप्रन घातलेलं कोणीतरी पाठमोरं उभं होतं. हातात ताईचा बॉक्स, कमरेइतका उचललेला.
आई.
जिना बसत बसत उतरते म्हणाली. तो आवाज झाल्याशिवाय डोळा लागत नाही रे, इतक्या वर्षांची सवय. किणकिण ऐकू यायची नाही का, विचारलं. यायची म्हणाली, पण तू हौसेने केलंयस, तुझं मन कशाला मोडा? मन मोडू नये म्हणून किटल्या मोडल्या!
हा बॉक्स मात्र तिने कितीदा उचलला आणि परत ठेवला. मला टाकवत नाही, तू टाक म्हणाली. माझ्याच्यानेही झालं नाही.
म्हणजे बाबा नव्हतेच. फार वाईट वाटलं. तीन महिन्यांपूर्वी रडलो नव्हतो, लोक होते, व्यवस्था बघायची होती. आज मक्याच्या गोणीवर बसून रडलो. आई बाजूला बसून होती.

२५ मार्च
कुरियरवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, असू दे साहेब, आमच्या घरीही सगळे मलाच दोष देतात.
किराणावाल्याकडून जुना खोका आणला. तो म्हणाला, बऱ्याच दिवसांत आला नाहीत. मागच्या अंगणातलं वाळलेलं गवत कापलं, रद्दीचे बोळे केले. किटली बाबांच्या एप्रनमध्ये गुंडाळून मधोमध ठेवली. आईने एप्रनची गाठ मारली आणि वर गेली.
खोका कमरेइतका उचलला. बराच वेळ हातातच राहिला. मग सोडला.
धप्प.
कान लावला. आत काहीच वाजलं नाही. गवताचा वास आला.
वर जाऊन पाहिलं. आईला झोप लागली होती.
जेवणानंतर विचार करायला, म्हणजे झोपायला, मला आता मिळणार नाही. रोज दुपारी खाली जाऊन तो आवाज मलाच करायचा आहे.